ग्रामसभेत त्यालाच बोलू द्या: घरच्यांसाठी एका निवृत्त क्लार्कबाईच्या सूचना

सगळ्यात आधी मतदार यादी उघडा आणि त्यात तुमच्या घरातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचं, त्याचं किंवा तिचं, नाव आहे का ते बघा. बाकीचं सगळं नंतर.

माझी नोकरी पंचायत समितीत झाली, त्यातली बरीच वर्षं ग्रामपंचायत विभागाच्या टेबलावर. धाकट्या भावाला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे. आई-वडील गेल्यापासून तो माझ्याकडे असतो. तालुक्याच्या गावी अशा मोठ्या मुलामुलींचा एक गट जमतो. वयानं सगळी तिशी-चाळिशीतली, पण घरी अजून ‘मुलं’च. त्यांचे पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, नवीन योजना कुठली आलीय?’ यांचं म्हणणं मांडायचं कुठं, हे विचारणारे फार थोडे. मांडायची जागा गावातच आहे. ग्रामसभा. आणि ग्रामसभेचा सदस्य कोण, तर गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक जण. बुद्ध्यांक किती, शाळा किती शिकला, सही येते का, यातलं काहीही कायदा विचारत नाही.

म्हणून यादी. आमच्या गटात निम्म्याहून जास्त जणांची नावंच नव्हती, कारण अठरा पूर्ण झाल्यावर घरच्यांनी ठरवून टाकलेलं, ‘त्याला काय कळतंय मतदानातलं.’ १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १६ बघा. सक्षम न्यायालयानं एखाद्याला मनोविकल म्हणून घोषित केलं असेल तरच त्याचं नाव यादीत घेता येत नाही. न्यायालयानं. डॉक्टरचा दाखला, यूडीआयडी कार्डावरचा (दिव्यांगांच्या ओळखपत्रावरचा) टक्का किंवा शेजारच्या काकांचं मत म्हणजे न्यायालय नव्हे. नाव नसेल तर नमुना ६ भरा. नाव आहे पण दिव्यांग म्हणून नोंद नाही, तर नमुना ८. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी, ‘याचं कशाला ताई’ म्हणाला तर भांडू नका. ‘नाव घेता येत नाही हे कारणासहित लिहून द्या,’ एवढंच म्हणा. लिहून कोणी देत नाही, अर्ज मात्र घेतात.

मागणी कोणाची?

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण गडबड इथंच होते. आपण आपली मागणी त्याच्या तोंडात घालतो आणि त्याला ‘त्याचा आवाज’ म्हणतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या बऱ्याच जणांना ‘हो’ म्हणायची सवय लागलेली असते. जन्मभर ‘हो’ म्हटलं की शाबासकी आणि ‘नाही’ म्हटलं की ‘हट्टी आहे’ हे ऐकलेलं. ‘तुला पेन्शन वाढवून हवी ना?’ हो. ‘तुला पेन्शन नको ना?’ त्यालाही हो. म्हणून प्रश्न उलटून विचारा. दोन पर्याय दिले तर दुसऱ्या दिवशी त्यांचा क्रम बदला, कारण शेवटी ऐकलेला शब्दच परत म्हणायचा, असंही होतं. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तर ते त्याचं उत्तर. आणि ‘तुला काय हवं?’ असं मोघम विचारूच नका, त्याला उत्तर ‘चहा’ असंच येणार, आणि ते खरंही असतं.

आम्ही काय केलं ते सांगते. भावाला घेऊन गावातून एक फेरी मारली, तो रोज जातो त्याच वाटांनी. त्याच्या हातात मोबाइल दिला आणि सांगितलं, जे आवडत नाही त्याचा फोटो काढ. मला वाटलेलं, तो पंचायतीच्या पायऱ्यांचा काढेल, नाहीतर रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनचा. त्यानं काढला विजेच्या खांबाचा. तोच खांब, तीन वेळा. घरी आल्यावर फोटो पुढ्यात ठेवून विचारलं. संध्याकाळी तो गिरणीवरून दळण घेऊन येतो. गिरणीपासून चौथ्या खांबावर दिवा नाही, आणि तिथं टवाळ पोरं दबा धरून बसतात, पिशवी ओढतात. एकदा पीठ सांडलेलं. मला त्यानं सांगितलेलं की पिशवी फाटली, आणि मी त्याला नवी पिशवी शिवून दिली होती.

आता, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ खाली दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. माझ्या डोक्यात पहिल्यांदा तेच आलं. भावाला विचारलं, पोलिसांत जायचं का? नको. उलटून विचारलं, तरी नको. काय हवं? ‘दिवा.’ तर मागणी दिव्याची. कलम ९२ आपल्या जागी आहे, मारहाण, लैंगिक त्रास असलं काही असेल तर तिथं दिव्यावर भागवू नका, सरळ ठाण्यात जा. पण इथं त्याला काय पाहिजे हे त्यानं ठरवलं होतं.

दिव्यांगानं दिव्यांगांचंच काहीतरी मागावं, असा नियम कुठं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना, क्लासहून परतणाऱ्या मुलींना, सगळ्यांनाच तो खांब नडत होता. मागितला मात्र भावानं.

मागणी ठरली की ती कोणत्या टेबलाची ते बघा. संजय गांधी निराधारची रक्कम मंत्रालयात ठरते. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती १५०० वरून २५०० रुपये झाली, तो राज्य सरकारचा निर्णय. ग्रामसभेत ओरडून ती वाढत नाही. खांबावरचा दिवा, गटार, पंचायतीच्या दारातला उतार, आणि पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के दिव्यांग निधी हे गावात ठरतं. एका सभेला एकच मागणी न्या. तीन नेल्या तर ज्याला खर्च नाही तीच मंजूर होते.

अर्ज

ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघते. वर्षात चार सभा तरी व्हायलाच लागतात. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टच्या आसपासच्या सगळ्यांना पाठ असतात. नोटीस निघायच्या आधी अर्ज द्या, म्हणजे विषय विषयपत्रिकेवर येतो. नाहीतर तो ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयां’त जातो, आणि ते येईपर्यंत लोक चपला शोधत असतात.

भावाचा अर्ज असा होता:

‘मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी. विषय: गिरणीजवळच्या खांबावर दिवा लावणे. मी संध्याकाळी दळण आणतो. गिरणीपासून चौथ्या खांबावर दिवा नाही. तिथं अंधार असतो. मुलं माझी पिशवी ओढतात. दिवा लावा. हा विषय ग्रामसभेत घ्या. मी स्वतः बोलणार आहे.’

बस. तो सांगत गेला, मी लिहिलं, मग वाचून दाखवलं. एक वाक्य त्यानं काढायला लावलं. मी घातलेलं, ‘मी दिव्यांग आहे.’ म्हणाला, ‘माहितीय त्यांना.’ खाली त्याची सही. सही येत नसेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा आणि शेजारी साक्षीदाराचं नाव. अर्जाला ‘उपरोक्त विषयान्वये’ वगैरेची झालर लावू नका. मी टेबलावर असे गठ्ठे वाचलेत. अर्जदार बोलतोय की झेरॉक्सवाला, हे पहिल्या ओळीत कळतं. खांबाला नंबर रंगवलेला असतो, तो मात्र जरूर टाका. नंबर असला की ‘नेमका कुठला खांब?’ म्हणून अर्ज परत येत नाही.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) दोन-तीन गावं सांभाळत असतील तर त्यांचा वार विचारून घ्या. आणि अर्ज त्यालाच देऊ द्या, तुम्ही मागं उभ्या राहा. अधिकारी तुमच्याकडे बघून बोलायला लागले की त्याच्याकडे बघा. माणसं आपोआप तिकडं वळतात.

तालीम

एक पुठ्ठ्याचं कार्ड करा, खिशात मावेल एवढं. एका बाजूला फोटो चिकटवा, दुसऱ्या बाजूला तीन ओळी, नाहीतर तीन चित्रं. वाचता येत नाही म्हणून अडत नाही. भाऊही वाचत नाही. त्याच्या कार्डावर पिशवी, काळा चौकोन आणि पिवळा बल्ब होता.

घरात शांततेत तालीम करून उपयोग नाही. टीव्ही लावा, मधेच कोणालातरी फोनवर बोलायला लावा, कोणालातरी मधेच तोडायला लावा. ग्रामसभा असते तशी. माइक असेल तर आदल्या दिवशी शिपायाला सांगून रिकाम्या सभागृहात एकदा हातात द्या. पहिल्यांदा स्वतःचाच आवाज घुमून आला की बरेच जण दचकतात, आणि ते दचकणं सभेत नको. बसायची जागाही तेव्हाच ठरवून टाका: दाराजवळ, म्हणजे बाहेर जावंसं वाटलं तर माणसं ओलांडावी लागत नाहीत.

मागणीइतकंच आणखी एक वाक्य पक्कं बसवा: ‘मला समजलं नाही. सोपं करून सांगा.’ आमच्या गटातल्या सगळ्यांनी पहिल्यांदा हेच वाक्य शिकलं. त्यातल्या एका ताईनं तर ते बँकेत, दवाखान्यात, नणंदेला, सगळीकडे वापरायला काढलं. नणंद अजून रुसलेली आहे.

मदतनीस म्हणून तुम्ही काय बोलायचं तेही आधीच ठरवा. आमच्यात मी फक्त एवढंच बोलू शकते: ‘वेळ द्या त्याला’, ‘त्यालाच विचारा’, आणि त्यानं माझ्याकडे बघितलं तर ‘कार्ड बघ’. त्याच्या वाक्याचा अर्थ सांगायला जायचं नाही. अडखळला तर पूर्ण करायचं नाही. हे फार अवघड जातं. आयुष्यभर आपण त्याचं दुभाष्याचं काम केलेलं असतं, जीभ आपोआप हलते. तोंडात लवंग धरा.

सभेच्या दिवशी

सभा वेळेवर सुरू होत नाही. पाणी, बिस्किटं, औषधाची वेळ हे बघून निघा.

आता टेबलावरची एक गोष्ट सांगते. ग्रामसभेला गणपूर्ती लागते: मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली कमी असेल ती संख्या. बऱ्याचदा ती होत नाही, सभा तहकूब होते आणि लोक चरफडत घरी जातात. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. गर्दी कमी, आरडाओरडा कमी, वेळ जास्त. ज्याला गोंगाट सोसत नाही त्याच्यासाठी तहकूब सभेसारखी सभा नाही. तारीख विचारून ठेवा आणि त्या सभेला त्याला न्याच.

विषय पुकारला की त्याला उभं राहू द्या. उभं राहायचं नसेल तर बसून बोलू द्या, बसूनही चालतं. कोणीतरी हसणारच. हसणाऱ्यावर तुम्ही तुटून पडलात तर सभा तुमच्याभोवती फिरते आणि त्याची मागणी राहते बाजूला. सरपंचांकडे बघा आणि थांबा. सभा चालवणं हे त्यांचं काम आहे. भाऊ बोलत होता तेव्हा मागून एक आवाज आला, ‘अरे, हा पण बोलतोय!’ भावानं कार्ड उलटं केलं, खांबाचा फोटो वर धरला आणि म्हणाला, ‘चौथा. गिरणीपासनं चौथा.’ पुढं सगळी चर्चा तो खांब पंचायतीच्या हद्दीत आहे की नाही यावर गेली. म्हणजे त्याचं बोलणं लोकांनी मुद्दा म्हणून घेतलं.

‘बघू, करू, पुढच्या आराखड्यात घेऊ’ यावर सभेतून उठू नका. ठराव मागा. ठरावाला सूचक (मांडणारा) आणि अनुमोदक (पाठिंबा देणारा) लागतो. सूचक म्हणून त्याचं नाव लिहायला लावा, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. अनुमोदक आधीच ठरवून ठेवा. गिरणीवाल्यानं आनंदानं हात वर केला, धंद्याचाच प्रश्न होता. मग प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, लिहून झालं की ते वाचून दाखवायला सांगा आणि नंतर ठरावाची प्रत अर्ज करून घ्या. मी नोकरीत असताना शेकडो प्रोसिडिंग बुकं तपासली. बौद्धिक दिव्यांग माणसाचं नाव लाभार्थी म्हणून दिसायचं. सूचक म्हणून दिसल्याचं मला आठवत नाही.

पाच टक्के निधी

यावर थोडं सविस्तर, कारण पैसा इथं आहे आणि तो कसा जातो हे मी बघितलंय. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका, सगळ्यांनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. आधी हे प्रमाण तीन टक्के होतं. प्रत्यक्षात काय होतं? मार्च आला की यादी काढायची, रक्कम भागिले डोकी करायची आणि खात्यावर सोडून मोकळं व्हायचं. कुठं हजार येतात, कुठं त्याहून कमी. घरच्यांनाही बरं वाटतं. पण ज्याच्या नावावर आले त्याला बहुतेकदा कळतच नाही की आपल्याला पैसे आले.

मागायचं असेल तर आधी माहिती हातात पाहिजे. माहितीचा अधिकार वापरा, आणि अर्ज त्याच्याच नावानं करा. नागरिक असणं एवढीच अट आहे. लिहिता येत नसेल तर तोंडी विनंती लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, कायद्याच्या कलम ६ मध्येच तसं आहे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी नाही. विचारायचं एवढंच: गेल्या तीन आर्थिक वर्षांत पंचायतीचं स्वउत्पन्न किती, त्याचे पाच टक्के किती, त्यातले खर्च किती, कोणत्या बाबींवर, शिल्लक किती. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला वीस रुपये.

उत्तर आलं की ते चित्रात घाला. आम्ही राजम्याचे दाणे घेतले. एवढे दाणे म्हणजे पंचायतीचा पैसा, त्यातले एवढे तुमचे, त्यातले एवढे खर्च झाले, एवढे पडून आहेत. ‘पडून आहेत’ हे दाणे बघितल्यावर गटातला शेवचिवडा पॅक करणारा मुलगा म्हणाला, ‘मग काटा घ्या.’ पॅकिंगसाठी त्यांच्याकडे जुना तराजू होता, वजनाचे आकडे कळत नसल्यानं प्रत्येक पाकीट दुसऱ्या कोणाला तरी दाखवावं लागायचं. मागणी तिथंच तयार झाली: इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, आणि त्यावर ठरलेल्या वजनाच्या आकड्याशेजारी हिरवी पट्टी. ‘दिव्यांगांना साहित्य पुरवावे’ असा अर्ज आला असता तर बहुतेक टीनच्या खुर्च्या आल्या असत्या.

शहरात राहणाऱ्यांना ग्रामसभा नाही, पण पाच टक्के तिथंही आहेत, आणि आकडे बरेच मोठे आहेत. नगरसेवकाच्या कार्यालयात हेच कार्ड, हीच तीन वाक्यं.

गावात ऐकलं नाही तर

आधी गटविकास अधिकारी. मग लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकायला बसतात तो दिवस: तालुक्याला महिन्याचा तिसरा सोमवार, जिल्ह्याला पहिला. अर्ज आगाऊ द्यायचा असतो, त्याच दिवशी जाऊन भागत नाही. तिथंही खुर्ची त्याला, तुम्ही शेजारी.

भेदभाव झाला असेल, म्हणजे दिव्यांग आहे म्हणून खातं उघडू दिलं नाही, सभेत बोलू दिलं नाही, कार्यालयातून हाकललं, तर वाट वेगळी आहे. २०१६ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, पण तो सरकारी नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारींसाठी. तशी तक्रार असेल तर त्याचं नाव विचारा. बाकी भेदभावासाठी पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय. राज्य आयुक्तांना तक्रारीच्या चौकशीत साक्षीदाराला बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं, आणि शिफारस मानली नाही तर त्याची कारणं द्यायची असतात. मात्र दिव्याच्या खांबासाठी आयुक्तांकडे धावू नका. मोठं हत्यार बारक्या कामाला काढलं की खरी तक्रार गंभीरपणे घेतली जात नाही.

तक्रार दोन पानांची करा. पहिलं पान त्याचं, त्याच्या शब्दांत, पाच-सहा ओळी. दुसरं पान तुमचं: तारखा, आवक क्रमांक, कलमं. क्रम उलटा करू नका.

धोरणांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी निघतात तेव्हाही हेच. केंद्रानं जून २०२२ मध्ये दिव्यांगांच्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा सूचनांसाठी ठेवला होता. असलं काही निघालं की पूर्ण दस्तऐवज गटाला वाचून दाखवायचा खटाटोप करू नका. त्यांच्या रोजच्या जगण्याला लागणारा एक परिच्छेद निवडा: काम, बस, लग्न, दवाखाना, काहीही. तो सोप्या मराठीत सांगा, आणि जे बोलतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करून जसंच्या तसं उतरवा. ‘मला हॉटेलात काम देतात पण पैसे आईला देतात’ हे वाक्य आमच्या गटातलं आहे. मी कितीही सुधारून लिहिलं असतं तरी इतकं नीट झालं नसतं.

पालकत्वाच्या कागदावर सही करण्याआधी

हा भाग पालकांना आवडत नाही, तरी सांगते. मूल अठराचं झालं की सगळे जण ‘लीगल गार्डियनशिप करून टाका’ म्हणतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. कधीकधी त्याची खरंच गरज असते, मालमत्तेच्या वाटणीत विशेषतः. पण कशासाठी हवंय, हे आधी एका ओळीत लिहा. फक्त बँक अडवतेय म्हणून? मग आधी बँकेला २०१६ च्या कायद्याचं कलम १३ दाखवा: दिव्यांग व्यक्तीला स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळासाठी, आणि दोघांनी मिळून घेतलेला निर्णय. आणि समितीचं प्रमाणपत्र म्हणजे न्यायालयानं मनोविकल घोषित करणं नव्हे. त्यानं मत जात नाही. कोणी तसं सांगितलं तर मान्य करू नका.

‘त्यांच्या भल्यासाठी’ दुसऱ्यांनी ठरवलं की काय होतं, हे आपल्याच राज्यात झालंय. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षम मुलींची गर्भाशयं पुण्यात ससून रुग्णालयात काढली गेली, आणि त्यावर मोठं वादळ उठलं. पुढं २००९ मध्ये चंदीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीशिवाय करता येणार नाही. आपल्या घरातल्या मुलीबाबत डॉक्टरनं ‘हे करून टाका, कटकट मिटेल’ असं सुचवलं, तर हा निकाल लक्षात ठेवा, आणि आधी तिला विचारा.

मतदानाची तालीम

ग्रामसभेत बोलणारा माणूस मत द्यायला गेला आणि आत गोंधळला, तर बाहेर सगळे म्हणतात, ‘बघा.’ म्हणून याचीही तालीम हवी. बुटाच्या खोक्याचं झाकण घ्या. डावीकडं चिन्हं चिकटवा: पतंग, शिट्टी, छत्री, काहीही, पण खऱ्या पक्षांची नकोत. उजवीकडं निळ्या बांगडीच्या तुकड्यांची बटणं आणि चिन्हाशेजारी लाल टिकली. बटण दाबल्यावर तुम्ही तोंडानं ‘बीप’ म्हणा. लोकसभा-विधानसभेला एक बटण, एक बीप, आणि शेजारच्या यंत्रात सात सेकंद चिठ्ठी दिसते. ग्रामपंचायतीला तसं नसतं. एका प्रभागातून दोन-तीन सदस्य आणि वर थेट सरपंच, म्हणजे बटणं अनेक, आणि सगळी मतं दिल्याशिवाय मतदान पुरं होत नाही. एक दाबून भाऊ बाहेर यायला निघायचा, ते आम्ही खोक्यावर पक्कं केलं.

केंद्रावर मदतनीस आत नेण्याचा नियम आहे, पण तो ज्याला दिसत नाही किंवा शरीराच्या अडचणीमुळं बटण दाबता येत नाही त्याच्यासाठी. ज्याला चिन्ह ओळखता येतं आणि बोट चालतं त्यानं एकट्यानं जावं. तुम्ही दारात थांबा. घरातलं कोणी ‘आपलं बटण’ शिकवायला बसलं तर त्याला तिथून उठवा, मग तो मोठा दीर असला तरी. मत कोणाला दिलं हे बाहेर आल्यावर विचारायचंही नाही. मला विचारावंसं वाटतं, अजूनही.

मदतनीस बदलला तर

कलम १३ मध्येच आणखी एक तरतूद आहे: ज्याला आधार दिला जातो तो आधार देणारा माणूस बदलू शकतो, आणि आधार देणाऱ्यानं त्याच्यावर दडपण आणायचं नाही. भावानं गेल्या वर्षी हा हक्क वापरला. पुढच्या ग्रामसभेला माझ्याऐवजी चुलतभावाचा मुलगा चालेल, म्हणाला. का विचारलं तर, ‘तू डोळे वटारतेस.’

तसं झालं तर नव्या माणसाला फाइल द्या आणि तिच्यात एवढं ठेवा: यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स, मतदार यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक, सगळ्या अर्जांच्या पोच घेतलेल्या प्रती, ठरावांच्या नकला, माहिती अधिकाराची उत्तरं, आणि एक कागद ज्यावर लिहिलंय की हा माणूस ‘हो’ कसं म्हणतो, ‘नाही’ कसं म्हणतो, आणि थकला की काय करतो. आमच्या कागदावर आहे: नाही म्हणायचं असेल तर उजवा कान चोळतो, त्या वेळी पुन्हा विचारू नये.

मूळ कागदपत्रं मात्र घरीच, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आणि ठरावानंतर दिवा लागला का, हे बघायला भावालाच पाठवा. लागला नसेल तर पोचेचा आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र त्यानंच द्यायचं आहे.